सकाळच्या खणातली गोळी

९ मार्च

आईला आज आपल्याच घरचा फोन नंबर सांगता आला नाही!

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटर होती ती. अख्ख्या शहराचे नंबर तोंडपाठ. लहानपणी दादा आणि मी तिची परीक्षा घ्यायचो – मोठं हॉस्पिटल? पोलिस? कोपऱ्यावरचा सायकलवाला? – आणि ती भाजी चिरता चिरता घडाघडा सांगायची. आज बँकेतून कुणीतरी नंबर विचारला. ती रिसीव्हर धरून उभी. "चार... चार..." आणि माझ्याकडे बघून हसली. ओशाळं हसू.

लिहून ठेवतेय. नंतर मलाच वाटायला नको की मी राईचा पर्वत करतेय.

१० मार्च

घामाच्या धारा लागल्यात सगळ्यांना. आई दोन स्वेटर घालून, पायमोजे चढवून खुर्चीत. हात लावला तर गार.

१३ मार्च

आज रविवार. नीट बसून आठवलं, कधीपासून काय बदललं.

सप्टेंबरात मी इथे परत आले. संसार मोडला, दोन पेट्या घेऊन आईकडे आले, एवढंच लिहिते. त्याबद्दल मला या वहीतसुद्धा बोलायचं नाही. तेव्हा आई ठणठणीत होती. दिवसभर मला बोलायची – ऊठ, केस विंचर, दोन घास खा. नोव्हेंबरात बाथरूममध्ये पाय घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू केलं, रक्त कमी म्हणून लोहाची गोळी. थायरॉइडची गोळी अकरा वर्षांपासून आहेच, रक्तदाबाचीही. प्लास्टरच्या हातानं तिला गोळ्यांची पाकिटं फोडता येईनात. मी डबा आणला. सात दिवस, रोजचे तीन खण – सकाळ, दुपार, रात्र. दर रविवारी भरते. एकदाही चुकले नाही. याच सुमारास पंपांच्या कारखान्यात स्टोअरची नोकरीही लागली. जरा माणसात आले म्हणायचं.

आणि जानेवारीपासून आई मंदावत गेली. आवाज घोगरा झाला. चेहरा सुजल्यासारखा, भुवयांची टोकं विरळ. पोट साफ नाही. बसल्या बसल्या डोळा लागतो. दूध उतू गेलं तरी समोर बसून बघत राहते. मी हे सगळं वयाच्या खात्यात टाकत गेले. एकाहत्तर म्हणजे काही फार नाही. पण मग काय आहे हे? घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नाही.

१५ मार्च

आमचे जुने डॉक्टर दोन वर्षांपूर्वी दवाखाना बंद करून लेकाकडे राहायला गेले. आता तिथे एक तरुण डॉक्टरबाई बसतात. त्यांनी आईला आजची तारीख विचारली. आईनं भिंतीवर कॅलेंडर शोधलं – पूर्वी त्या भिंतीवर होतं. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर आई ब्याण्णववर थांबली, परत त्र्याण्णव म्हणाली, मग गप्प.

रक्त तपासायला सांगितलंय. "विस्मरणाचा आजार असू शकतो, पण आधी बाकीचं बघून घेऊ," म्हणाल्या. विस्मरणाचा आजार! परतताना आई रिक्षात झोपली होती.

१७ मार्च

रिपोर्ट आला. टीएसएच ६२. चारच्या आसपास हवा म्हणे.

डॉक्टरबाईंनी कागदावर मान काढून दाखवली. पुढच्या बाजूला एक छोटी ग्रंथी. ती जे हार्मोन बनवते त्यावर सगळं शरीर चालतं – हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, पोट, केस, डोकं, मूडसुद्धा. ते कमी पडलं की मेंदू वरून मागणी करतो. ती मागणी म्हणजे टीएसएच. "हार्मोन जितकं कमी, तितका मेंदू जोरात घंटा वाजवतो. तुमच्या आईचा मेंदू सारखी घंटा वाजवतोय आणि पलीकडे कुणी उचलत नाही."

कोपऱ्यातून आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नो रिप्लाय."

तिघीही हसलो. नंतर मला रडू आलं, पण ते बाहेर जिन्यात.

डॉक्टरबाईंचा प्रश्न – गोळी नियमित घेतात ना? मी म्हटलं, रोज! माझ्या हातानं देते, समोर उभी राहून. त्यांनी शंभरची गोळी सव्वाशे केली. "सहा आठवड्यांनी परत तपासू. हे हार्मोन सावकाश चढतं, घाई करून चालत नाही. थायरॉइडमुळेच हे सगळं असेल तर सुधारेल."

असेल तर.

१८ मार्च

वाचत बसले. थायरॉइड कमी झाल्यानं विसरभोळेपणा येतो. विस्मरणाचा आजारही असाच सुरू होतो. दोन्हींच्या याद्या सारख्याच! कुणाला विचारू?

२ एप्रिल

कामावर असताना दर तासाला घरी फोन करते. आईनं उचलला की नुसतं "हॅलो" ऐकून ठेवून देते. आज तीनदा उचलला नाही. साहेबांना सांगून धावत घरी आले. आई गॅलरीत. "वाजत होता गं, पण कुठे वाजतोय ते कळेना." एक्स्चेंजमधली बाई!

गॅसचा मुख्य नळ आता बंद करून जाते.

१९ एप्रिल

दादाचा फोन. त्याला सगळं खरं सांगत नाही मी. "बरी आहे," म्हणते. तो दुसऱ्या शहरात, त्याच्या जिवाला घोर कशाला. पण आज तो म्हणाला (लहानपणापासून तो मला इन्स्पेक्टरच म्हणतो, सगळं तपासत बसते म्हणून), "इन्स्पेक्टर, मगाशी फोनवर मला आईनं ओळखलं नाही. साहेब म्हणाली मला." आता काय लपवू.

२८ एप्रिल

दुसरा रिपोर्ट. मी पायरीवरच उभ्या उभ्या उघडला. ७१.

वाढला! गोळी वाढवली आणि आकडाही वाढला! मला आल्या पावली परत जाऊन लॅबच्या मुलीला सांगावंसं वाटलं, बाई, नावात काही घोटाळा झालाय का बघ. गेलेही. घोटाळा नव्हता.

डॉक्टरबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाल्या, "गोळी पोटात जातेय याची खात्री आहे?" अशी माणसं गोळी गालात धरून ठेवतात, नंतर थुंकतात, असं त्यांचं म्हणणं. आता दीडशेची दिलीय.

म्हणजे आई मला फसवतेय?

३० एप्रिल

उशीखाली नाही. गादीखाली नाही. स्वेटरचे खिसे, कुंड्यांतली माती, कचऱ्याचा डबा, न्हाणीघराची जाळी. गोळी एकही नाही. सापडली असती तर बरं झालं असतं, असं वाटण्यापर्यंत माझी मजल गेलीय.

१ मे

आज सकाळी मी आईला म्हटलं, "आ कर."

तिला कळलं नाही. मी परत म्हटलं, जोरात. तिनं तोंड उघडलं. मी तिची जीभ वर करायला लावली, गालात बोट घालून पाहिलं. माझ्या आईच्या तोंडात! काही नव्हतं. दुधाचा पांढरा थर होता जिभेवर. तिचे डोळे भरले, आणि तोंड मिटायचं तिला सुचेना. मीच म्हटलं, मीट आता.

मला माझी शरम वाटते. उद्या परत बघणार आहे, हेही मला माहीत आहे.

४ मे

दादा येऊन गेला. आईच्या समोरच बोललो आम्ही, ती नाहीच असं समजून. तो म्हणाला, तू एकटी किती दिवस? नोकरी सोडणार? गॅस चालू राहिला तर? वहिनीनं एक ठिकाण शोधलंय, चांगलं आहे, नर्स असते, बाग आहे. एक जूनपासून खोली रिकामी होतेय.

मी भांडले. मग भांडता भांडता लक्षात आलं की माझ्याकडे एकही मुद्दा नाही. नुसतं "नाही, नाही" करत होते. तो म्हणाला, "तू काय कमी केलंस? घड्याळ लावून गोळ्या दिल्यास. तुझ्या भरवशावर मी निश्चिंत होतो. पण आता हे आपल्या हातातलं राहिलं नाही."

जाताना त्यानं आईला जवळ घेतलं. आईनं त्याच्या शर्टाचं बटण लावलं. ते तिला आठवतं.

७ मे

दादानं कागदांवर सही केली. एक जूनला पंचवीस दिवस.

९ मे

आज कामावर नको ते झालं. आमच्या स्टोअरमध्ये माझी एक पद्धत आहे, मीच सुरू केली – एक पंप, एक ट्रे. त्या पंपाला लागणारं सगळं, नट, बोल्ट, वॉशर, रबरी गॅस्केट, एकाच ट्रेमध्ये लावून जोडणीला पाठवायचं. फिटरला शोधाशोध नको. साहेबांनी कौतुक केलं होतं, फिटर मंडळी मला ट्रेबाईच म्हणतात. आज थोरला फिटर ट्रे घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "ट्रेबाई, हे बघा काय झालंय. बोल्टचं तेल गॅस्केटला लागलंय. शनिवार-रविवार एकत्र पडून रबर फुगलं. बसतच नाही जागेवर. सामान एका पंपाचं असलं म्हणून एका ताटात जेवायला बसवायचं नसतं हो!"

बाकीचे हसले. मी तोंडात मारल्यासारखी उभी. सदतीस ट्रे. सगळे माझ्या हातचे. संध्याकाळपर्यंत गॅस्केट वेगळ्या पिशव्यांत भरत बसले. मला वाटलं होतं मी नीटनेटकी आहे.

१० मे

सकाळी डबा उघडला. आज मंगळवार, सकाळचा खण. चार गोळ्या – थायरॉइडची लहान पांढरी, कॅल्शियमची मोठी, लोहाची लाल, रक्तदाबाची. शेजारी दुधाचा पेला. लोहानं मळमळतं म्हणून मी दुधाबरोबर देते. आई हात पुढे करून बसली होती.

माझा हात थांबला. का ते कळायला दोन मिनिटं लागली. एक सकाळ, एक खण. एक पंप, एक ट्रे.

गोळ्या दिल्याच नाहीत. तशीच औषधाच्या दुकानात गेले, शटर अर्धं वर होतं. दुकानदार काका झाडत होते. मी तळहातावर चारही गोळ्या दाखवल्या – "या एकदम चालतात ना?" त्यांनी चष्मा लावला. "एकदम? अहो बाई, थायरॉइडची उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. तासभर चहासुद्धा नाही. आणि कॅल्शियम, लोह चार तास लांब! ती थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊच देत नाहीत. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

नाही. कुणीच नाही. अकरा वर्षं घेतायत म्हणजे माहीतच असणार, असं सगळ्यांनी धरलं. मी तर विचारलंही नाही.

गोळी रोज जात होती. माझ्या हातानं. आणि माझ्याच हातानं वाया जात होती. मी तिच्या तोंडात बोट घालून चोर शोधत होते!

११ मे

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "मीच विचारायला हवं होतं, किती वाजता, कशाबरोबर." गोळी परत शंभरवर आणली. आता खरोखर अंगात जाईल, तेव्हा दीडशे या वयात हृदयाला जड पडेल – धडधड होईल, ठोके चुकतील, म्हणाल्या. छातीत काही वाटलं तर ताबडतोब यायचं. बावीस जूनला तपासणी.

खोली एक जूनला.

"हे सगळं भरून येईल ना?" मी विचारलं. "थायरॉइडमुळे झालं असेल तेवढं," म्हणाल्या. परत तेच, असेल तर.

१२ मे

दादाला सांगायचं म्हणजे मी केलं हे सांगायचं. नाही सांगितलं तर आई एक जूनला जाणार. तीनदा नंबर फिरवला, तीनदा ठेवला. चौथ्यांदा सांगून टाकलं, एका दमात, मध्ये श्वासही घेतला नाही.

त्यानं मला सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "तू? तू चुकलीस?" त्यात राग नव्हता. त्यापेक्षा रागावला असता तर चाललं असतं.

संध्याकाळी त्याचाच फोन – ते लोक पंचवीस जूनपर्यंत खोली धरून ठेवतील. त्यापुढे नाही. "आणि आकडा उतरला नाही तर मग हट्ट करायचा नाही." मी कबूल केलं.

१३ मे

उठल्याबरोबर गोळी, पाणी. तासानं चहा. दुपारी जेवणानंतर कॅल्शियम – त्यासाठी मी जेवणाच्या सुट्टीत घरी येणार. संध्याकाळी लोह. कागद फ्रिजवर चिकटवला. डबा कपाटात टाकला, वरच्या फळीवर, मागे.

२१ मे

काही फरक नाही. आईची नाडी मोजते. चोपन्न, पंचावन्न. स्वतःचीही मोजली, सत्त्याण्णव.

२९ मे

आज तिनं एक स्वेटर काढला.

उगाच काहीतरी धरून बसू नये, उकडत असेल म्हणून काढला असेल. पण उकडतंय हे तिला कळलं ना!

६ जून

पोट साफ झालं. चेहऱ्याची सूज उतरलीय असं मला वाटतं. दादाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर – "प्रकाश वेगळा आहे." अगदी बाबांवर गेलाय.

आजही विचारलं तर महिना चुकीचा सांगितला. अंग सुधारलं आणि डोकं नाहीच परतलं तर? म्हणजे दोन्ही असतील तर?

१५ जून

स्टोअरमध्ये फोन वाजला. मी उचलला. पलीकडून स्वच्छ आवाज, एकेक अक्षर सुटं – "तुझ्या आईला कॅल्शियम घ्यायचंय, पाऊण वाजलाय, तू कुठे अडकलीस?"

मी ओळखलंच नाही आधी! सहा महिने हा आवाज घरात नव्हता. आणि नंबर? कारखान्याचा नंबर तिनं कुठून काढला? म्हणाली, "तू जानेवारीत एकदा सांगितला होतास." थोरला फिटर विचारत होता, ट्रेबाई, काय झालं, रडता का. मी म्हटलं, आईचा फोन आहे.

२२ जून

रक्त दिलं. आईनं लॅबच्या मुलीला सांगितलं, डाव्या हाताची शीर चांगली सापडते.

२४ जून

५.८!

डॉक्टरबाईंनी परत शंभरातून सात वजा करायला सांगितलं. आई थेट दोनपर्यंत गेली. वर म्हणाली, "उरले दोन. याच्या पुढे उणे जायचं का?" मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवायची चिठ्ठी त्यांनी लिहून ठेवली होती, ती आमच्यासमोर फाडली.

दादाला आकडा सांगितला. खोली सोडली. आईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला म्हणाली, "त्या बागेच्या ठिकाणी मला धाडायचं होतं ना? ऐकत होते मी. सगळं ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं." मग त्याची तासभर खरडपट्टी.

मी मात्र स्वयंपाकघरात उभी. मी तर तिच्या तोंडात बोट घातलं होतं. तेही तिला आठवत असणार.

२६ जून

धीरच होत नाही. दोनदा तिच्यापुढे जाऊन बसले, दोनदा हवेबद्दल बोलून उठले. माझ्यामुळे सहा महिने गेले तिचे. हे तिला अजून कुणीच सांगितलेलं नाही. उद्या सांगते.

२७ जून

सांगितलं. सकाळचा खण, दूध, सगळं. माफी मागितली.

आईनं चष्मा काढून पुसला. "मला माहीत होतं गं," म्हणाली. "अकरा वर्षं उपाशीपोटीच घेत होते ना मी. जुन्या डॉक्टरांनी दहा वेळा बजावलं होतं. पण तू आलीस तेव्हा अंथरुणातून उठत नव्हतीस. जेवत नव्हतीस. तो डबा हातात आला आणि तू सकाळी माझ्या आधी उठायला लागलीस. म्हटलं, राहू दे, गोळी मागेपुढे झाली तर काय होतंय. ही जरा सावरली की सांगू. आणि मग काय सांगायचं होतं, तेच आठवेना."